सुडोकू कॉपी केलं, पेस्ट केलं, मग आकडे गेले कुठे?

वेंगुर्ल्याचे माझे मामा रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं सुडोकू सोडवतात. जुलै-ऑगस्टात मात्र पेपर कधी दुपारी येतो, कधी भिजून येतो, आणि भिजलेल्या कागदावर पेन्सिल चालत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी रत्नागिरीहून त्यांना रोजचं कोडं पाठवायला लागलो. आधी फोटो पाठवून पाहिला. पण वारा सुटला की तिकडची रेंज जाते, आणि दोन-तीन एमबीचा फोटो नुसता गोल गोल फिरत बसतो. म्हटलं, सुडोकू म्हणजे शेवटी आकडेच, मजकूर म्हणून पाठवू. मामांच्या टॅबवर सुडोकू सोडवायचं एक सॉफ्टवेअर मीच टाकून दिलं होतं, आणि त्यात बाहेरून आणलेलं कोडं पेस्ट करायची सोय होती.

पहिल्याच दिवशी फोन आला. "ह्यात आकडेच नाय रे. खंय गेले?"

चौकट आली होती, रेघा आल्या होत्या, एक्याऐंशीच्या एक्याऐंशी घरं जागेवर होती. सगळी रिकामी.

पुढचा पंधरवडाभर आम्ही मामा-भाचे या एका गोष्टीच्या मागे होतो. रोज काहीतरी नवं बिघडायचं. हळूहळू लक्षात आलं की घोळ आकड्यांमध्ये जवळजवळ कधीच नसतो. तो रिकाम्या घरांत असतो. एक तर रिकामं घर वाटेत गळून पडतं, नाहीतर भरलेलं घर रिकामं समजलं जातं. हे एकदा ध्यानात आलं की सुडोकूच्या कॉपी-पेस्टमधली बहुतेक गूढं उलगडतात.

जागा हाच पत्ता

उदाहरणाला हे कोडं घेऊ. टिंब म्हणजे रिकामं घर.

२९.३८५...
१.६...९..
..३......
.४..३..८.
५६.९.७.४३
.२..१..६.
......७..
..९...३.५
...१४९.२६

दिलेले आकडे ३०, रिकामी घरं ५१. सॉफ्टवेअरला हे द्यायचं तर नऊ ओळी एकापुढे एक जोडतात आणि टिंबाऐवजी बऱ्याचदा शून्य लिहितात:

२९०३८५०००१०६०००९००००३०००००००४००३००८०५६०९०७०४३०२००१००६०००००००७००००९०००३०५०००१४९०२६

बस, एवढंच. सुडोकू एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा जगभर चालणारा रिवाज म्हणजे ही एक्याऐंशी अक्षरांची ओळ. हे घर कितव्या ओळीतलं, कितव्या स्तंभातलं, असं यात कुठेच लिहिलेलं नाही. अक्षर कितवं आहे यावरूनच घर ठरतं. पहिली नऊ अक्षरं पहिली आडवी ओळ, पुढची नऊ दुसरी. चौदावं अक्षर म्हणजे दुसऱ्या ओळीतलं पाचवं घर. एकेचाळिसावं म्हणजे बरोबर मधलं.

मामांना हे पोफळीच्या बागेवरून लगेच पटलं. बागेत "तिसऱ्या ओळीतली सातवी पोफळ" असं सांगायचं तर मधे एखादं रोप मेलं असेल त्याचा खड्डाही मोजावा लागतो. खड्डा मोजला नाही तर सुपारी पाडणारा गडी भलत्याच झाडावर चढतो. वरच्या ओळीतली शून्यं म्हणजे हे खड्डे.

एक शून्य गाळून पाहा, म्हणजे नासाडी किती होते ते दिसेल. सुरुवातीच्या २९ नंतरचं शून्य टाइप करायचं राहिलं समजा. मग पुढचे सगळे आकडे एकेक घर मागे सरकतात. पहिली ओळ २९३८५०००१ अशी होते, म्हणजे दुसऱ्या ओळीतला १ वर चढून बसला. तिसऱ्या ओळीतला ३ तिसऱ्या घरातून दुसऱ्यात आला. आता पहिल्याच ३×३ चौकोनात दोन ३ झाले, आणि कोडं सुरू व्हायच्या आधीच मोडलं. आकडे तीसच्या तीस शाबूत, एकही चुकलेला नाही. गेलं ते फक्त एक 'काहीही नाही'.

अशी ऐंशी अक्षरं मिळाल्यावर चांगलं सॉफ्टवेअर सरळ सांगतं की लांबी चुकली. काही मात्र गुपचूप शेवटी एक रिकामं घर जोडून मोकळी होतात. मला दुसऱ्या जातीचा भारी राग आहे. मदत केल्यासारखं दाखवून गोंधळ लपवणाऱ्या माणसासारखी ती वागतात.

मग मामांचे आकडे कुठे गेले?

वरची ओळ इथूनच उचलून एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलीत तर कदाचित तुमचीही चौकट रिकामी येईल. कारण हा लेख मराठीत आहे आणि आकडे देवनागरी आहेत. मीही पहिल्या दिवशी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरूनच टाइप केलं होतं.

आपल्याला १ हा आकार दिसतो. संगणकाला आकार दिसत नाही, त्याला अक्षराचा क्रमांक दिसतो. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी शून्याचा ४८, इंग्रजी एकाचा ४९, असं करत इंग्रजी नऊचा ५७. देवनागरी शून्याचा २४०६, १ चा २४०७, ९ चा २४१५. आपल्या लेखी दोन्ही 'एक'च, पण संगणकाच्या लेखी त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

आता प्रोग्रॅम लिहिणारे अक्षरापासून संख्या काढायला एक जुनी युक्ती वापरतात: क्रमांकातून ४८ वजा करायचे. इंग्रजी एकाचे ४९, वजा ४८, उत्तर १. झकास. तीच युक्ती आपल्या १ ला लावली तर २४०७ वजा ४८, म्हणजे २३५९. सुडोकूत २३५९ नावाचा आकडा नसतो! मग सॉफ्टवेअर काय करेल हे ते लिहिणाऱ्यावर अवलंबून. अनेक सॉफ्टवेअरचा नियम असा असतो की इंग्रजी १ ते ९ यांपैकी काही नसेल ते रिकामं घर समजायचं. मामांच्या टॅबवर हेच झालं. त्याने एक्याऐंशी अक्षरं मोजली, लांबी बरोबर निघाली, आणि आपले तीसही आकडे परके म्हणून रिकाम्यात जमा केले.

गंमत म्हणजे सगळ्या संगणकभाषा इतक्या परक्यासारख्या वागत नाहीत. पायथनला देवनागरी १ ची संख्या करायला सांगितली तर ती निमूट एक देते. जावाला "हा आकडा आहे का" असं विचारलं तर ती आपल्या १ ला हो म्हणते. पण पुढे लिहिणाऱ्याने तीच ४८ वजा करायची युक्ती वापरली असेल तर दारावर रामराम झाला आणि आत गेल्यावर पाहुणा हरवला, अशी गत होते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या आकडे ओळखायच्या सोयी फक्त इंग्रजी आकडेच मानतात. म्हणजे तीच ओळ एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, यात तुमची चूक नसते.

उपाय साधा आहे: सुडोकूपुरता कीबोर्ड इंग्रजी करा. आधीच देवनागरीत लिहून ठेवलेलं असेल तर 'शोधा आणि बदला' दहा वेळा चालवा, शून्य ते नऊ. शून्याकडे मात्र डोळे फाडून बघा. देवनागरीत संक्षेपासाठी वापरायचं ॰ हे बारीक गोल चिन्ह वेगळं आहे, इंग्रजी ओ अक्षर वेगळं आहे, आणि लहान पडद्यावर हे सगळे शून्याचे सख्खे भाऊ दिसतात.

इंग्रजी आकड्यांचा आम्हाला आणखी एक फायदा झाला. इंटरनेट पार गेलं तरी साधा एसएमएस बहुधा जातो. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. म्हणजे इंग्रजी आकड्यांचं अख्खं सुडोकू एका एसएमएसमध्ये बसतं आणि जवळजवळ तेवढीच जागा इंग्रजी अक्षरांत "जेवलात का" विचारायला उरते. देवनागरीत मात्र त्याचे दोन तुकडे होतात, ६७ आणि १४ अक्षरांचे. जोडणीची माहिती बरोबर न्यायची असल्यामुळे तुटलेल्या निरोपाच्या प्रत्येक तुकड्यात सत्तरऐवजी सदुसष्टच अक्षरं मावतात.

टिंब बरं की शून्य?

दोन्ही चालतात, आणि दोन्हींचे शत्रू वेगळे आहेत.

शून्याचा शत्रू स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा हिशोबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम. मी पाठवलेली कोडी एका शीटमध्ये जपून ठेवायला लागलो. एक्याऐंशी इंग्रजी आकडे एका घरात पेस्ट केले की स्प्रेडशीटला वाटतं, ही एक प्रचंड मोठी संख्या आहे. ती संख्येचे पहिले १५ आकडे लक्षात ठेवते आणि पुढच्या सगळ्यांच्या जागी शून्य टाकते. हिशोबाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. एक्याऐंशी आकडी रकमेत सोळाव्या आकड्याची चिंता कोण करतो? पण आपल्याकडे शून्य म्हणजे रिकामं घर. वरच्या कोड्याचे पहिले १५ आकडे घेतले तर त्यात २, ९, ३, ८, ५, १, ६ एवढे सात दिलेले आकडे सापडतात. बाकीचे तेवीस गेले. आणि त्या घराचा प्रकार 'संख्या' करून आकडे पुन्हा पूर्ण लांबीत उघडले तर ओळ एक्याऐंशी अक्षरांचीच दिसते, त्यामुळे सुडोकूचं सॉफ्टवेअरही हूं का चूं करत नाही. लांबी बरोबर आणि कोडं पार बदललेलं, असा हा सगळ्यात कपटी बिघाड. शिवाय कोडं शून्याने सुरू होत असेल तर स्प्रेडशीट सुरुवातीची शून्यं टाकूनच देते. तिच्या मते पुढच्या शून्यांना किंमत नाही. घराचा प्रकार आधी 'मजकूर' करून मग पेस्ट केलं तर हे टळतं. किंवा सरळ टिंबं वापरा, इतक्या टिंबांची संख्या होत नाही म्हणून ती तिला मजकूर समजते.

टिंबांचे शत्रू म्हणजे लेखनाचे प्रोग्रॅम. त्यांतले कित्येक ओळीने तीन टिंबं टाइप केली की आपणहून त्यांचं एक जोडचिन्ह करतात, वाक्य अर्धवट सोडताना वापरतो ते. दिसायला तीनच टिंबं, मोजायला अक्षर एक. प्रत्येक वेळी दोन घरं गळाली. वरच्या कोड्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटीच तीन टिंबं आहेत, म्हणजे सुरुवातीलाच अपघात.

काहीजण रिकाम्या घराला तारका किंवा खालची रेघ वापरतात. व्हॉट्सॲपवर ते करू नका. तिथे दोन तारकांमधला मजकूर ठळक होतो आणि दोन खालच्या रेघांमधला तिरपा; चिन्हं स्वतः पडद्यावरून नाहीशी होतात, आणि पाहून पाहून उतरवून घेणाऱ्याची फसगत होते. ईमेलने साधा मजकूर पाठवताना एक वेगळीच मौज आहे. ईमेलच्या नियमांत एका ओळीत ७८ अक्षरांपलीकडे जाऊ नये अशी शिफारस आहे, आणि आपली ओळ आहे ८१ ची. शेवटचे दोन-चार आकडे पुढच्या ओळीवर जाऊन पडले तर हे कारण. कॉपी करताना तेवढे विसरू नका.

जे दिसत नाही तेही चिकटतं

कॉपी-पेस्ट ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. कॉपी केलेलं पेस्ट होईपर्यंत जिथे ठेवलं जातं तो क्लिपबोर्ड म्हणजे एकच कागद असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तुम्ही वेबपानावरून चौकट कॉपी करता तेव्हा तिच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या एकदम तिथे ठेवल्या जातात: नुसता मजकूर, रंगरेघांसकटचा मजकूर, कधी चित्रही. पेस्ट होताना समोरचा प्रोग्रॅम त्यातली आपल्याला झेपेल ती उचलतो. म्हणून एकच गोष्ट दोन ठिकाणी पेस्ट केल्यावर वेगवेगळी दिसते. संगणकावर कंट्रोल आणि शिफ्ट धरून व्ही दाबलं की बऱ्याच ठिकाणी नुसता मजकूर येतो, सुडोकूला तोच हवा.

नऊ बाय नऊचा तक्ता स्प्रेडशीटमधून कॉपी केला तर नुसत्या मजकुराच्या आवृत्तीत दोन घरांमध्ये टॅब येतो (मामांचा टॅब नव्हे, कीबोर्डवरच्या टॅब कळीचं न दिसणारं चिन्ह), आणि रिकाम्या घराच्या जागी... काहीच येत नाही. दोन टॅब शेजारी शेजारी, मधे पोकळी. टॅब मोजणारं सॉफ्टवेअर असेल तर ठीक. टॅब आणि जागा आधीच पुसून टाकणारं असेल तर त्याच्या हाती आपले तीस आकडे उरतात, पत्त्याविना. म्हणून तक्ता कॉपी करण्याआधी रिकाम्या घरांत शून्य भरून घ्या.

पेपरातल्या कोड्याचा फोटो काढून त्यातला मजकूर फोनकडून ओळखून घेतला तरी हीच अडचण येते. फोन छापलेलं वाचतो. न छापलेलं का वाचेल? कोरं घर त्याच्या लेखी नसतंच. त्यातून मराठी पेपरात आकडे देवनागरी असले तर १ आणि ९ यांची गल्लत होते ती वेगळीच. कोडं फोटोवरून उचलणारी खास ॲप्स आधी चौकटीच्या रेघा शोधतात, एक्याऐंशी तुकडे कापतात आणि मग प्रत्येक तुकड्यात काही आहे का ते बघतात. आधी घर, मग आकडा. क्रम तोच योग्य.

याशिवाय शून्य रुंदीची अक्षरं नावाची भुतं आहेत. पडद्यावर ती अजिबात जागा व्यापत नाहीत, पण मोजणीत येतात. मराठीत तर ती आपल्या रोजच्या कामाची: 'दर्‍या' मधला अर्धा र लिहायला अशाच एका अक्षराची मदत लागते. मराठी मजकुराच्या मधोमध असलेली आकड्यांची ओळ उचलताना एखादं सोबत येऊ शकतं. मोजून ८१, सॉफ्टवेअर म्हणतंय ८२, असं झालं की ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

अर्धं सोडवलेलं कोडं कसं पाठवायचं?

इथे खरी मजा आहे, आणि इथेच मामा आणि मी सगळ्यात जास्त भांडलो.

एका रविवारी मामा अर्ध्यात अडकले. त्यांनी सॉफ्टवेअरमधून कॉपी करून मला ओळ पाठवली, म्हणाले पुढचं बघ. मी पेस्ट केली. माझ्याकडे सगळे आकडे एकाच रंगाचे आले. मूळ कोड्यातले कुठले आणि मामांनी भरलेले कुठले, कळायला मार्ग नाही. त्यातला एक चुकीचा असेल तर तो खोडायची सोयही नाही, कारण सॉफ्टवेअर त्यांना दिलेले आकडे समजतंय, आणि दिलेल्या आकड्यांना ते हात लावू देत नाही. मामांनी प्रत्येक घरात शक्यतांचे बारीक आकडे लिहून तासभर खपून त्यातले कितीतरी खोडले होते. ते तर आलेच नव्हते.

म्हणजे एकाच कोड्याचे तीन थर असतात: मूळ दिलेले आकडे, आपण भरलेले आकडे, आणि रिकाम्या घरांत उरलेल्या शक्यता. एक्याऐंशी अक्षरांच्या ओळीत पहिला थर नीट मावतो. दुसरा घातला तर तो पहिल्यात मिसळून जातो. म्हणून काही सॉफ्टवेअर भरलेल्या आकड्याआधी अधिकचं चिन्ह लावतात. तिसरा थर मावतच नाही. होडोकू हे बर्नहार्ड होबिगर यांचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या किंवा दुसरं एखादं जाणत्यांचं, त्यात कॉपीचे एकापेक्षा जास्त पर्याय दिसतात ते याचसाठी. नवख्याला वाटतं उगाच गुंता केलाय. तसं नाही, ते तुम्हाला विचारतायत: कितवा थर नेऊ?

तिसरा थर न्यायचा तर प्रत्येक घरात उरलेल्या शक्यता एकत्र लिहितात आणि दोन घरांमध्ये जागा सोडतात. वरच्या कोड्याची पहिली ओळ अशी दिसेल:

| २ ९ ४७ | ३ ८ ५ | १४६ १७ १४७ |

तिसऱ्या घरात ४ किंवा ७ येऊ शकतो, सातव्यात १, ४ किंवा ६. इथे ४७ म्हणजे सत्तेचाळीस नव्हे. आणि बघा, नियम कसा उलटला: एक्याऐंशीच्या ओळीत मोकळी जागा पुसली तरी बिघडत नाही, पण इथे तीच पुसली तर सगळं मुसळ केरात. ४७ हे एक घर आहे की ४ आणि ७ अशी दोन, हे त्या जागेवरूनच कळतं.

आता पाचवी ओळ पाहा:

| ५ ६ १८ | ९ २ ७ | १२ ४ ३ |

मधल्या घरात एकटा २ आहे. तो दिलेला आहे का? नाही, मूळ कोड्यात तिथे टिंब आहे. मामांनी भरला का? तसंही नाही. त्या ओळीत १, २, ८ उरले होते, त्याच उभ्या स्तंभात १ आणि ८ आधीच आहेत, म्हणून एकच शक्यता राहिली. कोणीही न लिहिलेला तो २ आहे. पण हा मजकूर पेस्ट करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला फरक कसा कळावा? दिलेला २, भरलेला २ आणि उरलेला २, तिघेही एकसारखेच दिसतात. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर वेगवेगळा बांधतात. माझा सल्ला: दोन्ही पाठवा. आधी मूळ कोड्याची एक्याऐंशीची ओळ, खाली शक्यतांचा तक्ता. बघणारा दोन्ही जुळवून घेतो.

आणखी एक काटा. असे तक्ते सुंदर दिसावेत म्हणून काही प्रोग्रॅम चौकटीच्या वरच्या किनारीवर, कोपऱ्यांत आणि सांध्यांवर मिळून, चार टिंबं काढतात. वाचणारं सॉफ्टवेअर भोळं असेल तर त्या टिंबांनाच रिकामी घरं समजतं आणि सगळं कोडं चार घरं सरकतं. पेस्ट करताना वरची-खालची किनार सोडून मधलाच मजकूर उचलला की हे संकट टळतं.

जाता जाता: उदाहरणाचं कोडं मी एका सर्वपरिचित कोड्याचे आकडे बदलून आणि आडव्या ओळी उभ्या करून बनवलंय. असं सोंग किती प्रकारे घेता येतं? आकड्यांची, ओळींची, स्तंभांची चालणारी सगळी अदलाबदल धरली तर १२,१८,९९,८१,०८,१६० प्रकारे. म्हणून आपल्या संग्रहात एखादं कोडं आधीच आहे का, हे दोन ओळींचा मजकूर जुळवून ठरवता येत नाही.

आलं ते बरोबर आलं का?

पेस्ट झाल्यावर सोडवायला बसण्याआधी दोन मिनिटं द्या. पहिलं, दिलेले आकडे मोजा आणि पाठवणाऱ्याला विचारा. आम्ही आता निरोपातच लिहितो: "आज २६". स्प्रेडशीटचा तो कपटी बिघाड एवढ्यानेच पकडला जातो.

दुसरं, सॉफ्टवेअरला उत्तरं किती आहेत ते विचारा. ते क्षणात सांगतं, आणि त्या उत्तरावरून रोग ओळखता येतो. उत्तरच नाही असं आलं तर कुठलातरी आकडा चुकीच्या घरात बसलाय किंवा चुकीचा वाचला गेलाय. बहुतेकदा एखादं रिकामं घर गळून सगळं सरकलंय. अनेक उत्तरं आली तर आकडे गळालेत. एकच उत्तर आलं तर खुशाल सोडवा. दिलेले आकडे १७ पेक्षा कमी दिसले तर विचारायचीही गरज नाही: डब्लिनच्या विद्यापीठातल्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं की १६ आकड्यांचं, एकच उत्तर असलेलं सुडोकू अस्तित्वातच नाही. आणि दिलेल्या आकड्यांत १ ते ९ मधले किमान आठ वेगवेगळे आकडे हवेत. दोन आकडे अजिबात नसले तर उत्तरात त्यांची आपसात अदलाबदल केली तरी चालेल, म्हणजे उत्तरं दोन झालीच.

हे मी समजावत असताना मामांनी विषय बदलला आणि २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यात झाली होती, तेव्हा जायला हवं होतं, असं नेहमीचं पालुपद लावलं. वेंगुर्ल्याहून गोवा म्हणजे त्यांच्या मते परसातच.

श्रावणात चार दिवस इंटरनेटही नव्हतं आणि एसएमएसही जाईना. फक्त लँडलाइन चालू. मामांनीच तोड काढली. "तू वाच, मी लिवतंय." मग मी वाचायला लागलो: दोन, नऊ, एक रिकामं, तीन, आठ, पाच, तीन रिकामी, एक, एक रिकामं, सहा, तीन रिकामी, नऊ, चार रिकामी... शून्य शून्य म्हणत बसण्यापेक्षा रिकाम्यांची संख्या सांगणं सोपं पडलं, आणि ओळ संपली तरी मोजणी न थांबवता पुढे नेली की गफलतही होत नाही. मला वाटलं ही आमचीच युक्ती. पण सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या फुकट मिळणाऱ्या संचातलं सुडोकू हेच करतं: सलग रिकामं एक घर असेल तर इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर, दोन असतील तर दुसरं, तीनला तिसरं. शेजारी शेजारी दोन आकडे आले तर मधे खालची रेघ, म्हणजे २ आणि ९ चे एकोणतीस होत नाहीत. आपल्या कोड्याची सुरुवात त्यात 'दोन, रेघ, नऊ, ए, तीन, रेघ, आठ, रेघ, पाच, सी' अशी होते.

मामांनी पहिल्यांदा लिहून घेतलं तेव्हा ऐंशीच घरं भरली. आम्ही उलटीकडून मोजत आलो. शेवटून दुसऱ्या ओळीत मी "तीन रिकामी" म्हणालो होतो, वीज कडाडली, त्यांनी दोन ऐकलं. एक टिंब वाढवलं.

"एक्याऐंशी झाले मां?" मामांनी विचारलं.

"झाले."

"मगे फोन ठेव. माका सोडवूक दी."